स्तोत्रसंहितेतील मथळे : कर्तृत्व की संग्रह?

हिब्रू स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी ७३ स्तोत्रांच्या मथळ्यांत दाविदाचे नाव येते. त्यावरून दाविदास कर्ता मानण्याचा प्रघात प्राचीन आहे. आशयाच्या आधारे त्याचे कर्तृत्व नाकारून मथळेच त्याज्य ठरविण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकात बळावला. दोन्ही पक्षांचे गृहीत मात्र एकच आहे. मथळा कर्त्याचे नाव सांगतो, असे दोघेही धरून चालतात.

मूळ रूप ‘लेदावीद’ असे आहे. नामापूर्वी जोडला जाणारा हा ‘ल’ हिब्रूत ‘ला’, ‘साठी’, ‘चा’, ‘विषयी’ अशा अनेक संबंधांचा वाचक आहे. मराठी भाषांतरातील ‘दाविदाचे स्तोत्र’ या षष्ठीत ही संदिग्धता काही अंशी उतरली आहे. परंतु ‘नामा म्हणे’ या मुद्रिकेला सरावलेला वाचक तिचा अर्थ कर्तृत्वाकडेच ओढतो. (अभंगातील नाममुद्रा रचनेच्या आत असते, स्तोत्राचा मथळा रचनेबाहेर, हा भेद लहान नव्हे.) ३९ व्या स्तोत्राच्या मथळ्यात हाच ‘ल’ गायकप्रमुख, यदूथून व दावीद या तिघांनाही लागला आहे. गायकप्रमुखास कोणीही कर्ता मानीत नाही. ८८ व्या स्तोत्रात तर तो कोरहाच्या पुत्रांनाही लागतो आणि हेमान एज्राहीलाही. रास शाम्रा येथे १९२९ पासून मिळालेल्या उगारिती मृत्पट्टिकांपैकी काहींच्या शिरोभागी ‘ल’ जोडलेले बआल देवतेचे अथवा क्रत राजाचे नाव आढळते. तेथे ती नावे काव्याच्या नायकांची आहेत, कवींची नव्हेत.

तथापि ‘ल’ कर्तृत्ववाचक नसतोच, असे म्हणणे हा दुसरा अतिरेक होय. यशयाच्या ३८ व्या अध्यायातील हिज्कीयाच्या लेखावर हाच ‘ल’ आहे व तेथे कर्तृत्वच अभिप्रेत आहे. १३ स्तोत्रांचे मथळे दाविदाच्या जीवनातील प्रसंग सांगतात. ते लिहिणाऱ्याच्या मनात दावीद हाच कवी होता, याविषयी संशय घेण्याचे कारण नाही. पण त्यांपैकीच ५१ व्या स्तोत्राच्या अखेरीस यरुशलेमेचे तट बांधण्याची याचना आहे. ती भग्न नगराच्या काळाला शोभते, दाविदाच्या नव्हे. निदान हे शेवटचे चरण तरी उत्तरकालीन मानावे लागतात.

संग्रहांचा पुरावा याहून भक्कम आहे. १४ वे व ५३ वे स्तोत्र जवळजवळ एकच. परंतु पहिल्यात येणारे ‘यहवे’ हे नाम दुसऱ्यात एकदाही नाही, त्याच्या जागी ‘एलोहीम’ आहे. मराठीत ‘परमेश्वर’ आणि ‘देव’ या शब्दांनी हा फरक सहज ताडून पाहता येतो. ‘एलोहीम’चे हे प्राबल्य ४२ ते ८३ या स्तोत्रांत सलग आढळते, आणि याच पट्ट्यात कोरहपुत्रांची, दाविदाची व आसाफाची स्तोत्रे एकामागून एक येतात. नामांचा हा फेरफार कवींचा नसून संग्राहकाचा आहे, हे उघड आहे. ७२ व्या स्तोत्राच्या शेवटी दाविदाच्या प्रार्थना समाप्त झाल्याची नोंद आहे. त्याच स्तोत्राच्या मथळ्यात मात्र ‘ल’सह शलमोनाचे नाव आहे, आणि पुढे ८६, ११०, १३८ ते १४५ अशी दाविदाच्या नावाची स्तोत्रे येतातच. ही नोंद एका पूर्वीच्या, लहान संग्रहाची असून संपूर्ण संहिता सिद्ध होताना ती तशीच राहून गेली.

कुमरानच्या अकराव्या गुहेत १९५६ मध्ये सापडलेली व १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेली स्तोत्रांची गुंडाळी या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. तीत संहितेच्या अखेरच्या तृतीयांशातील स्तोत्रांचा क्रम निराळा आहे, संहितेबाहेरील रचनाही आहेत, आणि एका गद्य टिपणात दाविदाच्या रचनांची संख्या ४,०५० दिली आहे.