गृहरचनेची मूलतत्त्वे आणि भंडारा जिल्ह्यातील घर

घराच्या अंतर्भागाच्या रचनेचा विचार करताना रेषा, आकार, अवकाश, रंग, प्रकाश, पोत व अलंकरण ही सात मूलतत्त्वे सांगण्याचा प्रघात आहे. गृहविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ती थोड्याफार फरकाने याच रीतीने येतात. या पृथक्करणाचे एक ठळक मूळ चित्रकलेच्या शिक्षणात सापडते. आर्थर वेस्ली डाऊ यांनी १८९९ साली ‘कंपोझिशन’ या ग्रंथात रेषा, छायाप्रकाशाची मांडणी व रंग या तीन घटकांवर रचनेचे शिक्षण उभारले. चित्राच्या सपाट पृष्ठासाठी अशी विभागणी उपयुक्त आहे यात शंका नाही. तथापि तीच घराला लावली म्हणजे घर हे दुरून पाहावयाचे चित्र ठरते आणि त्यात राहणारा मनुष्य केवळ प्रेक्षक बनतो. ही विभागणी घराच्या बाबतीत कितपत टिकते, याची परीक्षा भंडारा जिल्ह्यातील धानपिकाच्या प्रदेशातील जुन्या घरावरून करता येईल.

या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि मे महिन्यात पारा कधी कधी ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, कवेलूंचे उतरते छप्पर, पुढे छपरी व अंगण आणि मागे सांदवाडी ही येथील शेतकऱ्याच्या घराची परिचित मांडणी होय. छपरीला आत म्हणावे की बाहेर, हा प्रश्न येथे निरर्थक ठरतो. पाहुणा तेथे बसतो, धान तेथे निवडले जाते आणि उन्हाळ्यात दुपारचा विसावाही तेथेच मिळतो. कणगी ज्या खोलीत असते त्या खोलीचा अवकाश सुगीनंतर आक्रसतो व पुढच्या पावसाळ्यापर्यंत हळूहळू मोकळा होतो. सात तत्त्वांपैकी अवकाश हे एक, असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. येथे अवकाश आधी सिद्ध होतो व उरलेली तत्त्वे त्यातून आपापली जागा घेतात.

प्रकाशाचेही तसेच आहे. पाठ्यपुस्तकी दृष्टीने भरपूर उजेड हा गुण व अंधार हा दोष. परंतु येथील खालवर उतरलेली वळचण उजेडाबरोबर ऊनही अडविते; आतील मंद प्रकाश ही गारव्याची किंमत असते. जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३३ साली जपानी घरातील सावल्यांवर लिहिलेल्या निबंधात, लाखकाम व सोनेरी वेलबुट्टी यांचे सौंदर्य अंधुक प्रकाशातच उमलते, असे प्रतिपादन केले आहे. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्यात हे विधान परके वाटू नये. मांडणीवर ओळीने लावलेले, चिंचेने घासलेले पितळ काळोख्या स्वयंपाकघरात दारातून येणारा थोडासा प्रकाश परतवून देत असे. ते भांडे, अलंकरण आणि प्रकाशाचे साधन अशा तिन्ही नात्यांनी तेथे होते. त्याला यादीतील कोणत्या एका सदरात घालावयाचे?

चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात लोट्याचा जो गौरव केला, तो या संदर्भात मननीय आहे. पुढे १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय रचना संस्था स्थापन झाली, तिच्या पाठीशी हा अहवाल होता. लोट्याचा विचार करताना ईम्स यांनी रेषा व आकार यांपासून आरंभ केला नाही. त्यात किती मावते, तो भरलेला व रिकामा असताना कसा तोलतो, कसा उचलतात, कसा ओततात, कसा घासतात, असे प्रश्न त्यांनी मांडले. लोट्याचा घाट हे त्या प्रश्नांचे एकत्रित उत्तर होय. घराची समीक्षाही याच मार्गाने व्हावयास हवी.

पोत या तत्त्वाविषयी मराठी वाचकाला एक सोय आहे. द. ग. गोडसे यांनी ‘पोत’ या १९६३ च्या ग्रंथात वस्त्राच्या व्यवहारातील हा शब्द कलाविचारात रुजविला. मोहाडी व आंधळगाव येथील कोसा हाती घेतला की या शब्दाची व्याप्ती ध्यानी येते. त्या कापडाचा खरबरीतपणा, त्याचा मधासारखा मूळ रंग आणि त्याची मंद झळाळी ही तिन्ही एकाच तंतूची अंगे आहेत. रंग वेगळा काढून पोत उरत नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीचीही तीच गोष्ट. तिच्यावरील बोटांच्या अर्धवर्तुळाकार खुणा ही रेषा, तोच पोत आणि तोच अलंकार.

येथे बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. संवाद, विरोध व समतोल या त्यांच्या लयतत्त्वांनी वरील घटकांचे परस्परसंबंध चांगले उलगडतात. काळोख आणि पितळ यांत विरोध आहे, माती आणि कवेलू यांत संवाद. मात्र मर्ढेकरांनी सौंदर्याला लौकिक प्रयोजनापासून अलग केले. घराच्या बाबतीत ते अलग करताच लयीचे कारणच नाहीसे होते.

याचा अर्थ जुने घर निर्दोष होते असा मुळीच नाही. चुलीचा धूर, वाळवी, गळके कवेलू यांचा त्रास खरा होता. सारवणे, पोतारणे, भांडी घासणे यांचा भार बहुतांशी स्त्रियांवर पडे. सारवलेल्या जमिनीच्या सौंदर्याची किंमत त्यांच्या श्रमांनी चुकती होई. स्टीलची भांडी व फरशी यांचे स्वागत करणाऱ्या गृहिणीला रसिकता नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही प्रश्न उरतो. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविण्यात आले. पक्के घर मिळणे ही ज्यांचे छप्पर दरवर्षी गळत असे त्यांच्या दृष्टीने मोठीच प्राप्ती आहे. परंतु इतक्या जागेत धान कोठे ठेवावयाचे, उन्हात तापणाऱ्या स्लॅबखाली दुपार कशी काढावयाची आणि छपरीचे काम कोणी करावयाचे, याची उत्तरे भिंतीच्या रंगसंगतीत सापडत नाहीत. सात तत्त्वे समान मानणारी यादी येथे निरुत्तर होते, कारण तिच्या लेखी रंग निवडणे व सावली मिळविणे ही सारख्याच महत्त्वाची कामे आहेत.

म्हणून मूलतत्त्वांची यादी टाकून देण्याचे कारण नाही. तिचा क्रम मात्र बदलला पाहिजे. प्रथम अवकाश व प्रकाश, तेही ऋतू आणि श्रम यांच्या संदर्भात. त्यानंतर पोत व आकार. आणि रेषा, रंग, अलंकरण ही त्यांच्या ओघाने. भंडाऱ्याच्या विद्यार्थ्याने घराचा अभ्यास छपरीत उभे राहून, ऊन कोठपर्यंत येते हे पाहून सुरू करावा. पाठ्यपुस्तकातील सात शब्दांना अर्थ तेथून येऊ लागेल.