मराठी ई-पुस्तक: पान हवे की मजकूर?

मराठीत ई-पुस्तक म्हटले की आजही बहुतेकांना पीडीएफच आठवते. ई साहित्य प्रतिष्ठानने हौशीने फुकट वाटलेली पुस्तके पीडीएफमध्ये, दुर्मिळ ग्रंथांच्या स्कॅन प्रतीही पीडीएफमध्येच. सोय मोठी आहे: व्हॉट्सॲपवर पाठवा, कुठल्याही फोनवर उघडा. पण १९९३ साली अडोबीने हा फॉरमॅट आणला तो पान कुठेही जसेच्या तसे दिसावे म्हणून. डेमी आकाराचे पान फोनवर आले की अक्षरे बारीक होतात. मोठी केली तर प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते.

ईपबची जात वेगळी. २००७ साली प्रमाणित झालेला हा फॉरमॅट म्हणजे झिप करून ठेवलेली वेबपाने. फाइलचे एक्स्टेन्शन बदलून झिप केले की प्रकरणे, चित्रे, अनुक्रमणिका सुटी सुटी दिसतात. अक्षर मोठे करा, ओळ आपोआप वळते.

मग मराठी प्रकाशक ईपबला का बिचकतात? अडचण फॉरमॅटच्या आधीची आहे. वर्षानुवर्षे आपली डीटीपी श्रीलिपी, आयएसएम या सॉफ्टवेअरच्या युनिकोडपूर्व फॉन्टांत झाली. अशा पीडीएफमधले वाक्य कॉपी करून पाहा. हाती रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला येतो. त्यात शोध चालत नाही, अंध वाचकाचा स्क्रीन रीडर अडखळतो. कन्व्हर्टर आहेत, पण रूपांतरानंतर मुद्रितशोधन नव्याने करावे लागते, आणि तो खर्च प्रकाशक टाळतो.

युनिकोड आले म्हणून सगळे संपत नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटू शकतात. कादंबरीभर एकच पद्धत पाळली नाही, तर शोधात निम्मे ‘दुसऱ्या’ गळतात.

बाजारातल्या कुलूपबंद, म्हणजे विक्रेत्याच्या परवानगीशिवाय न उघडणाऱ्या फाइलींचा प्रश्न निराळा. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा पैसे परत मिळाले, पण पुस्तके वाचकांच्या हातून गेली. किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तके मिळतात; पण ॲमेझॉननेही पुढे स्वतःचा मोबी फॉरमॅट बाजूला सारला आणि आपली फाइल किंडलवर पाठवणाऱ्यांसाठी २०२२ पासून ईपबला दार उघडले. कंपनीचा फॉरमॅट कंपनीच्या मर्जीवर जगतो. खुल्या प्रमाणाला तसा मालक नसतो.

म्हणून निवड अशी करावी. चित्रमय बालपुस्तक, नकाशे, सुलेखन, जुन्या ग्रंथाची मूळ प्रत यांना पीडीएफ योग्य. कथा, कादंबरी, चरित्र, लेखसंग्रह यांना ईपबच, तोही शक्यतो कुलूप न लावलेला. आणि दोन्हींच्या मुळाशी प्रकाशकाकडे नीट तपासलेली युनिकोड संहिता असायलाच हवी. लेखकांनीही करार करताना छापील प्रतींबरोबर ती संहिता मागून घ्यावी. ती हाती असेल, तर उद्या येणाऱ्या कुठल्याही फॉरमॅटमध्ये पुस्तक नेता येईल.