संगीतशिक्षिकेच्या लघुप्रबंधात तिचा वर्ग कुठे आहे?

माझी एक मैत्रीण शाळेत संगीत शिकवते. बारा वर्षं झाली. नोकरी सांभाळून तिने संगीतात एम.ए. केलं. लघुप्रबंधासाठी तिच्या डोक्यात विषय पक्का होता: आठवी-नववीतले मुलगे वर्गात गायचं का थांबवतात? गाइडनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "हा शिक्षणशास्त्राचा विषय झाला, संगीताचा नाही. एखादं घराणं घ्या." तिने घेतलं. परवा ते बाड मला वाचायला दिलं आणि म्हणाली, "खरं काय वाटलं ते लिही, फक्त नाव नको." म्हणून ही पोस्ट.

पहिलं प्रकरण सामवेदापासून निघतं आणि नाट्यशास्त्र, संगीत रत्नाकर करत तीस पानांनी घराण्यापाशी पोहोचतं. पुढे घराण्याची वैशिष्ट्यं, कलाकारांचे परिचय आणि चार मुलाखती. माहिती चुकीची नाही. पण अख्ख्या लघुप्रबंधात प्रश्नच नाही. मुलाखतीत "आपल्या गुरूंविषयी सांगा" असं विचारलं की उत्तरात आदर मिळतो. त्याचं विश्लेषण काय करणार? निष्कर्ष आहे: घराण्याची परंपरा जपायला हवी. हे वाक्य तर काम सुरू करायच्या आधीही लिहिता आलं असतं! तुमच्या निष्कर्षाला ही चाचणी जरूर लावून बघा.

आता सुटलेला विषय बघू. तो खरंच संगीताचा नव्हता का? मोठ्या माणसांत पुरुषांची पट्टी साधारण काळी एक-दोन, बायकांची काळी चार-पाच. आठवीच्या मिश्र वर्गात काही मुलग्यांचे आवाज फुटलेले, काहींचे फुटायचे, आणि मुली आपल्या जागी. पेटी मात्र एकाच पट्टीत वाजते, बहुतेकदा बाईंच्या. फुटत्या आवाजाच्या मुलाला वरचे स्वर लागत नाहीत आणि खालच्या सप्तकात उतरावं तर तिथला आवाज अजून पक्का नसतो. मग तो नुसते ओठ हलवतो. आपण म्हणतो, "याला आवड नाही."

आपल्या पद्धतीत षड्ज कुठेही धरता येतो. मग अशा वर्गाचा षड्ज कुठे धरायचा? बंदिश कोणत्या रागातली, किती पल्ल्याची निवडायची? हे तर अस्सल संगीताचे प्रश्न आहेत. अमेरिकेत जॉन कुक्सी यांनी मुलग्यांच्या बदलत्या आवाजाचे टप्पे मांडले, तेही समूहगायन शिकवणाऱ्यांना उपयोगी पडावेत म्हणून. ते टप्पे आपल्या वर्गात कितपत लागू पडतात, एवढा एक प्रश्नसुद्धा एम.ए.ला पुरला असता.

"पण आपल्याकडे अशी परंपरा नाही," असं कुणी म्हणालं तर भातखंडे आठवा. पेशाने वकील. १९०४ मध्ये दक्षिणेत फिरले ते प्रश्न घेऊन. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितारांना भेटले, ऐकलेलं टिपून ठेवलं, पटलं नाही तेही लिहिलं. त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत आहे आणि गुरु-शिष्य संवादाच्या रूपात आहे. म्हणजे पुस्तकाची मांडणीच प्रश्नोत्तरांची. अर्थात, त्यांनाही तपासूनच वाचायचं. दहा थाटांत सगळे राग नीट बसत नाहीत. जानकी बखले यांनी 'टू मेन अँड म्युझिक' (२००५) या पुस्तकात त्यांच्या प्रकल्पातल्या राष्ट्रवादी चौकटीची आणि मुस्लिम उस्तादांबद्दलच्या दृष्टीची कठोर चिकित्सा केली आहे. आदर आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात, हे यातून शिकावं.

घराण्यावर काम करूच नका, असं माझं म्हणणं नाही. करा, पण प्रश्न घेऊन: या घराण्यात नवशिक्याला पहिल्या वर्षी काय देतात, आणि का?

आणि तुम्ही शिकवत असाल तर उद्यापासून एक वही ठेवा. तारीख, इयत्ता, पट्टी, कोणत्या स्वरापाशी किती जण गप्प झाले. फक्त एवढंच. मुलांची नावं लिहू नका. पुढे हे वापरायचं असेल तर शाळेची आणि पालकांची परवानगी घ्या. तीन महिन्यांनी ती वही घेऊन गाइडकडे जा. "मला असं वाटतं" म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला परत पाठवणं सोपं असतं. समोर नोंदी असल्या की गाइडना निदान वाचावं तरी लागतं.

मैत्रिणीला पदवी मिळाली, गुणही चांगले मिळाले. तिच्या वर्गातली मागच्या बाकावरची मुलं अजून ओठच हलवतात. तिने आता वही घातली आहे.