दिव्याखालचा संगणक

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे ‘मोमा’त, १४ डिसेंबर २००५ ते ६ फेब्रुवारी २००६ या काळात ‘पिक्सार : ट्वेंटी इयर्स ऑफ अ‍ॅनिमेशन’ हे प्रदर्शन भरलं होतं. पाचशेहून अधिक चित्रं, रेखाटनं, शिल्पं आणि जोडीला स्टुडिओच्या तोवरच्या सहाही चित्रपटांचं नि लघुपटांचं सिंहावलोकन. योगायोगही असे जुळून आले की प्रसिद्धी विभागाला वेगळे कष्ट पडले नसतील. प्रदर्शन चालू असतानाच ‘टॉय स्टोरी’ची अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत नोंद झाली आणि २४ जानेवारीला डिस्नेने पिक्सार विकत घेत असल्याचं जाहीर केलं. किंमत ७.४ अब्ज डॉलर. भिंतीवरची चित्रं उतरायच्या आतच त्यांचा मालक बदलायच्या वाटेला लागला होता.

एखाद्या चालत्या कंपनीचं काम संग्रहालयाने असं मांडावं का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. पण त्याहून अधिक रस वाटावा असा प्रश्न दुसराच आहे. संगणकावर चित्रपट करणाऱ्या स्टुडिओचं प्रदर्शन, आणि दालनांवर राज्य कोणाचं? पेन्सिलीचं, पेस्टल खडूंचं, गवाश रंगांचं आणि मातीचं.

यातलं बरंचसं काम अव्वल दर्जाचं होतं, यात शंका नाही. राल्फ एगलस्टन यांच्या ‘कलरस्क्रिप्ट’ घ्या. कलरस्क्रिप्ट म्हणजे अख्ख्या चित्रपटाचा रंगांतला आराखडा : छोट्या छोट्या चौकटींची लांबच लांब पट्टी, एकेका चौकटीत एकेक प्रसंग. त्यात चेहरे जवळपास नसतातच. उजेड कुठून येतो, सावली किती दाट, रंग तापलेला की विझलेला, एवढंच. ‘फाइंडिंग निमो’मध्ये प्रवाळाच्या झगमगाटातून खोल समुद्राच्या काळोखात, तिथून जेलीफिशच्या गुलाबी धुक्यात आणि पुढे सिडनी बंदराच्या गढूळ पाण्यात जो प्रवास होतो, तो आधी खडूने कागदावर झालेला असतो. प्रेक्षकाला कधी भीती वाटावी आणि कधी हायसं वाटावं, हे पात्रं बोलायला लागण्यापूर्वीच ठरलेलं असतं. लू रोमानो यांनी ‘द इन्क्रेडिबल्स’साठी गवाशमध्ये केलेली सपाट, कोनदार चित्रं तर चित्रपटापेक्षाही धीट आहेत, असं म्हणायला हरकत नाही.

तरीही या निवडीमागे संग्रहालयाची जुनी सवय दिसते. याच मोमाने १९४२ मध्ये डिस्नेच्या ‘बॅम्बी’ची निर्मितीप्रक्रिया प्रदर्शनात मांडली होती. तिथे ते रास्तच होतं, कारण ‘बॅम्बी’ कागदावर आणि सेल्युलॉइडवरच घडला. पिक्सारच्या चित्रपटातली एकही फ्रेम कागदावर काढलेली नसते. भिंतीवर टांगलेलं चित्र ही चित्रपटाची पूर्वतयारी असते, चित्रपटाचा तुकडा नव्हे. हा फरक प्रदर्शनाने लपवला नाही, पण ठळकही केला नाही. हाताचं काम दिसलं की ती कला, आणि यंत्राचं काम म्हणजे तंत्र, अशी सोयीची वाटणी होऊन बसली.

खरं प्रदर्शन पडद्यावर होतं. एकामागून एक हे चित्रपट पाहताना लक्षात येतं की पिक्सारने दर खेपेस यंत्राला जे जमत होतं, त्यातूनच विषय निवडला. १९८६ च्या ‘लक्सो ज्युनिअर’मध्ये दोन टेबल-लॅम्प आहेत, चेंडू आहेत, बाकी काही नाही. लॅम्प का? कारण धातूचे ताठ दांडे, सांधे आणि स्प्रिंगा त्या काळच्या संगणकाला झेपत होत्या; कातडी, केस, कापड झेपत नव्हतं. शिवाय लॅम्प स्वतःच प्रकाश टाकतो, त्यामुळे त्याची सावली त्याच्याच अंगावर कशी पडते, हे दाखवण्याची संधी आपोआप मिळाली.

पण ही दोन-अडीच मिनिटं टिकून आहेत ती सावल्यांमुळे नव्हे. छोटा लॅम्प चेंडूवर चढतो, उड्या मारतो, हवा निघून चेंडू चपटा होतो. मग तो खाली उतरून डोकं झुकवतो आणि क्षणभर थबकतो. त्या थबकण्याची लांबी दिग्दर्शक जॉन लॅसेटरने अचूक पकडली आहे. थोडी कमी असती तर नुसती यांत्रिक हालचाल झाली असती, थोडी जास्त असती तर रडगाणं. मोठा लॅम्प मान हलवतो तेव्हा त्याला तोंड नसूनही तो काय म्हणतोय ते कळतं. जुन्या डिस्नेच्या चित्रकारांनी वजन, ताण आणि वेळ यांची जी समज कमावली, ती इथे यंत्रात उतरली.

‘टिन टॉय’ने १९८८ सालच्या लघुपटाचं ऑस्कर मिळवलं, पण त्यातलं बाळ आज बघवत नाही. पत्र्याचं खेळणं देखणं आहे आणि माणसाचं मूल भुतासारखं. हा धडा स्टुडिओने नीट गिरवला. संपूर्णपणे संगणकावर केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट (तो १९९५ मध्ये आला) काढायचा ठरला, तेव्हा नायक प्लॅस्टिकची खेळणी झाली आणि माणसं शक्यतो कोपऱ्यात राहिली. ‘टॉय स्टोरी’त एक लाख चौदा हजारांहून अधिक फ्रेम आहेत. ११७ संगणक त्या रेंडर करत होते, म्हणजे गणितातून अंतिम चित्र तयार करत होते, आणि एकेका फ्रेमला पाऊण तासापासून तीस तासांपर्यंत वेळ लागे. एवढं करूनही अ‍ॅन्डीचे आणि सिडचे, म्हणजे त्यातल्या दोन मुलांचे, चेहरे मेणाचे वाटतात.

माणसाला भिडायचं धाडस आधी ‘गेरीज गेम’ या १९९७ च्या लघुपटात झालं. बागेत एकटाच स्वतःशी बुद्धिबळ खेळणारा म्हातारा. त्याच्या सुरकुत्यांमागे पिक्सारचे एक संस्थापक एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलेली, पृष्ठभागाची पुन्हा पुन्हा विभागणी करत त्याला गुळगुळीत करण्याची गणिती रीत होती. पुढे ‘मॉन्स्टर्स, इंक.’च्या सलीच्या अंगावर २३ लाखांहून जास्त केस आले. ‘निमो’साठी पाणी इतकं हुबेहूब जमलं की ते मुद्दाम थोडं कमी खरं करावं लागलं. आणि २००४ मध्ये ब्रॅड बर्डने ‘इन्क्रेडिबल्स’मध्ये अख्खं माणसांचं कुटुंब उभं केलं.

हा क्रम दालनांतल्या भिंतींवरून कळत नव्हता. केसांचं गणित करणारा, कापडाला सुरकुती पाडणारा, पात्राच्या आतला सांगाडा जोडून देणारा माणूस तिथे जवळपास गैरहजरच होता. त्याला जागा मिळाली दहा वर्षांनी, आणि तीही कलेच्या संग्रहालयात नव्हे. २०१५ मध्ये बोस्टनच्या म्युझियम ऑफ सायन्समध्ये ‘द सायन्स बिहाइंड पिक्सार’ सुरू झालं. त्यात मॉडेलिंगपासून रेंडरिंगपर्यंत एकेक टप्पा प्रेक्षकाला हाताळून बघता येत होता. म्हणजे चित्रं कलेच्या घरी, गणित विज्ञानाच्या घरी. ज्या कलेत ही दोन्ही कामं शेजारशेजारच्या टेबलांवर चालतात, तिची अशी फाळणी करून कोणाचंच भलं झालेलं नाही.

मोमातल्या गर्दीची लाडकी वस्तू होती झोइट्रोप. गोल फिरत्या चबुतऱ्यावर ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांच्या मूर्ती, प्रत्येक मूर्ती आधीच्यापेक्षा किंचित वेगळ्या पवित्र्यात. चबुतरा वेगात फिरू लागला की सगळ्याची धूसर भेळ होते. मग लुकलुकणारा दिवा लागतो आणि वुडी घोडा दौडवू लागतो. कल्पना जपानच्या जिब्ली संग्रहालयातल्या झोइट्रोपवरून सुचलेली, तंत्र एकोणिसाव्या शतकातलं. २०२१ मध्ये लॉस एंजेलिसला अकॅडमी म्युझियम उघडलं, तिथेही पिक्सारचा झोइट्रोप आहेच. संगणकाच्या कलेची सर्वांत लोकप्रिय संग्रहालयीन वस्तू संगणकाशिवाय चालते, याची गंमत वाटते आणि थोडी चिंताही.

चिंता यासाठी की कागद जपणं संग्रहालयांना येतं. फाइल जपणं अजून पुरतं साधलेलं नाही. ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने बराचसा चित्रपट सर्व्हरवरून पुसला गेला, आणि बॅकअपही धड निघेना. प्रसूतीनंतर घरून काम करता यावं म्हणून तांत्रिक विभागाच्या प्रमुख गॅलिन सुसमन यांनी घरच्या संगणकावर एक प्रत ठेवली होती, म्हणून निभावलं. पुढे थ्रीडी आवृत्तीसाठी पहिल्या ‘टॉय स्टोरी’च्या फाइली उघडताना जुन्या सॉफ्टवेअरशी झटापट करावी लागली.

मुळात कोणतं रूप अस्सल मानायचं? १९९५ मध्ये ‘टॉय स्टोरी’ ३५ मिमी फिल्मवर उतरवून दाखवला गेला, आणि त्याचे रंग फिल्मवर कसे उमटतील हे गृहीत धरून ठरवले होते. डिजिटल फाइलवरून थेट केलेल्या आवृत्त्यांत तेच रंग जास्त भडक, जास्त स्वच्छ दिसतात. सिंहावलोकन करणाऱ्या संस्थेने यातली एक बाजू घ्यायला हवी, किमान दोन्ही रूपं शेजारी दाखवायला हवीत.

कर्तृत्वाचा हिशेबही आता नव्याने मांडावा लागेल. २००५ मध्ये सहापैकी तीन चित्रपटांवर दिग्दर्शक म्हणून लॅसेटरचं नाव होतं आणि स्टुडिओचा चेहराही तोच होता. वर्तनाविषयीच्या तक्रारींनंतर २०१८ अखेर तो कंपनीतून बाहेर पडला. त्या सहा चित्रपटांत एकही दिग्दर्शिका नव्हती. ‘ब्रेव्ह’ची मूळ दिग्दर्शिका ब्रेन्डा चॅपमन हिला चित्रपट अर्ध्यावर असताना बाजूला केलं गेलं. एकट्या स्त्रीने दिग्दर्शित केलेला पिक्सारचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, डोमी शीचा ‘टर्निंग रेड’, यायला २०२२ उजाडलं.

पुढचं सिंहावलोकन करणाऱ्याने सुरुवात ‘लक्सो’च्याही मागे जाऊन करावी. १९८४ मध्ये, हा गट लुकासफिल्मचा संगणक विभाग असताना, ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ आन्द्रे अँड वॉली बी.’ हा लघुपट मिनियापोलिसला भरलेल्या, कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या सिग्राफ परिषदेत दाखवला गेला. काम वेळेत संपलं नव्हतं. त्यामुळे मध्येच रंग जाऊन पात्रं तारांच्या सांगाड्यासारखी नुसत्या रेषांत दिसू लागत. कॅटमल यांनी लिहून ठेवलंय की बहुतेक प्रेक्षकांच्या हे ध्यानातच आलं नाही. परिषदेला आलेले लोक तर याच विषयातले जाणकार होते. तो अर्धवट लघुपट पुन्हा त्याच अवस्थेत पडद्यावर आणला, तर दालनभर चित्रं टांगण्यापेक्षा अधिक काही हाती लागेल.