शिपायाच्या बाजूने पाहिलेली लढाई

लढायांची पुस्तकं आपण बायका सहसा हातात घेत नाही. त्यातून आपण जैन. दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या घरात तोफांचं काय काम? तरीही जॉन कीगन या इंग्रज युद्ध-इतिहासकाराचं ‘द फेस ऑफ बॅटल’ मी मैत्रिणींना आवर्जून वाचायला सांगते.

कीगन १९३४ साली लंडनमध्ये जन्मले. किशोरवयात हाडाचा क्षय झाला, इस्पितळात फार काळ गेला आणि पाय कायमचा अधू झाला. सैन्यात जाणं शक्यच नव्हतं. पुढे १९६० पासून सव्वीस वर्षं त्यांनी सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत भावी अधिकाऱ्यांना इतिहास शिकवला. आपण स्वतः लढाई पाहिलेली नाही, ही कबुली ते १९७६ सालच्या या पुस्तकात सुरुवातीलाच देऊन टाकतात. पुस्तकाचं बळ मला तिथेच दिसतं. ठाऊक नाही म्हणणारा माणूस नीट चौकशी करतो.

अ‍ॅजिनकोर्ट १४१५, वॉटर्लू १८१५ आणि सोम १९१६ या तीन लढाया त्यांनी निवडल्या. सेनापतीचा नकाशा बाजूला ठेवला आणि विचारलं, धुरात शिपायाला दिसत तरी काय होतं? जखमींना उचललं कोणी? शरण आलेल्यांना का मारलं? एवढ्या भीतीत माणसं पळून कशी गेली नाहीत? सोमच्या पहिल्याच दिवशी एकोणीस हजारांवर ब्रिटिश सैनिक मेले. कीगन वाचल्यावर हा आकडा नुसता आकडा राहत नाही.

भरत-बाहुबलीची कथा आपण बस्तीत लहानपणापासून ऐकतो. दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी ठाकली तेव्हा मंत्र्यांनी विचारलं, भांडण दोन भावांचं, त्यात शिपायांनी का मरायचं? मग दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध झालं ते दोघांतच. आणि त्या बाहुबलीची श्रवणबेळगोळची मूर्ती उभारली चामुंडरायांनी, जे स्वतः सेनापती होते. मंत्र्यांना शिपाई दिसला, तसा कीगनना दिसला. म्हणून ते मला परके वाटत नाहीत.

पण १९९३ च्या ‘अ हिस्टरी ऑफ वॉरफेअर’मध्ये ते म्हणतात की किरकोळ अपवाद सोडले तर बायका युद्धापासून कायम अलिप्तच राहिल्या. इथे मी अडले. हातात शस्त्र नव्हतं, हे बहुतेक ठिकाणी खरं, पण अलिप्त? आमचं बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. शिपाई सीमेवर असतो तेव्हा घरातली बाई कुठे असते, हे इथे कुणी सांगावं लागत नाही. जखमीला रणातून कोणी उचललं हे विचारणारा लेखक, पुढची चाळीस वर्षं त्याला घरी कोणी उचललं हे विचारत नाही. २००३ च्या इराक युद्धाचं त्यांनी समर्थन केलं, तेही मला पटलं नाही. विरोधी हिंसेची मुभा आपल्याकडेही गृहस्थाला आहे. पण ती स्वतःवर चालून आलेल्यापासून बचाव करण्यापुरती.

कीगन २०१२ साली गेले. त्यांच्यामुळे लढाईच्या इतिहासात साध्या शिपायाला जागा मिळाली, हे ऋण मोठं आहे. मात्र त्यांनी शिपायाबद्दल विचारलेले प्रश्न त्याच्या घरापर्यंत न्यायचे राहिलेत. ते आपणच विचारू. पुस्तक वाचा, आणि वाचताना आपल्या गल्लीतल्या एखाद्या फौजी घरची आई डोळ्यांसमोर ठेवा.