नाव फियाटचे, पत्ता प्रीमियरचा

आमच्या चाळीत कोणाकडे लग्न निघाले की वरपक्षाकडून हटकून एक वाक्य ऐकू येई : ‘वरातीला फियाट सांगितली आहे.’ गाडी आली की आम्ही मुले तिच्याभोवती गोळा होत असू. मागच्या डिकीवर ‘प्रीमियर पद्मिनी’ अशी अक्षरे असत आणि ती आम्ही बोटाने गिरवीत असू. पण ‘प्रीमियर आली’ असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. गाडी कुर्ल्यात तयार होत होती, तिच्या कारखान्याचा संस्थापक सोलापूरचा होता, तिच्यावरचे नाव चितोडच्या राणीची आठवण करून देणारे होते. तरीही ती सर्वांच्या तोंडी फियाटच राहिली.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीबद्दल मराठीत जे लिहिले गेले आहे ते वाचताना हे बालपणीचे निरीक्षण मला पुन्हा पुन्हा आठवत राहिले. हे लेखन ढोबळमानाने दोन प्रकारचे आहे. पहिला प्रकार संस्थापकाच्या गौरवाचा. गं. दे. खानोलकर यांनी लिहिलेले वालचंद हिराचंद यांचे चरित्र हा त्याचा सर्वांत भरीव नमुना. दुसरा प्रकार अलीकडचा, स्मरणरंजनाचा. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची फियाट टॅक्सी गेली त्या सुमारास तो ओसंडून वाहिला. एका प्रकारात कारखाना आहे पण गाडी वापरणारा नाही. दुसऱ्यात वापरणारा आहे, पण तो केवळ गहिवरलेला. ज्याने पैसे मोजले, वर्षानुवर्षे वाट पाहिली, बॉनेट उघडून उन्हात उभा राहिला आणि पर्याय मिळताच दुसरी गाडी घेतली, तो मालक या दोन्ही प्रकारांतून निसटला आहे. या लेखात त्याचे मत शोधायचे आहे.

आरंभ अर्थातच वालचंदांपासून करावा लागतो. देशात मोटार कारखाना निघावा यासाठी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९३०च्या दशकाच्या मध्यापासून धडपडत होते. मुंबईच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाची त्यांच्या योजनेला सहानुभूती होती आणि वालचंदांनी ती अंगावर घेतली. ब्रिटिश सरकारने मात्र युद्धाचे कारण पुढे करून मदतीचा हात आखडता घेतला. मोटारींसाठी १९३९मध्ये अमेरिकेला गेलेले वालचंद परतीच्या प्रवासात विमान कारखान्याची कल्पना घेऊन आले आणि १९४०मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. मोटारीचा योग त्यानंतर आला. १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी केलेल्या करारानुसार १९४७मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. स्वदेशी मोटारीचे स्वप्न असे परदेशी सुटे भाग जोडून सुरू झाले. त्यात लाजण्यासारखे काही नव्हते, कारण सुरुवात अशीच होते. प्रश्न एवढाच, की पुढे काय झाले?

१९५०च्या दशकाच्या आरंभी कंपनीने इटलीच्या फियाटशी संधान बांधले. १९५३मध्ये वालचंदांचे निधन झाले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांच्याकडे गाडीचे भाग देशातच बनवण्याचा कार्यक्रम नाही, अशा कंपन्यांनी बाजारातून बाहेर पडावे. फोर्ड गेली, १९२८पासून शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्सही गेली. मोटारगाड्यांच्या मैदानात मुख्यतः तीन खेळाडू उरले : कलकत्त्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची प्रीमियर. पुढची तीस वर्षे भारतीय मध्यमवर्गाची मोटारीविषयीची सगळी मते या तिघांच्या अंगणात घडली. खानोलकरांचे चरित्र नायकाच्या मृत्यूपाशी थांबते, आणि ते स्वाभाविकच आहे. मालकाची गोष्ट मात्र तिथूनच सुरू होते.

मालकांचे मत शोधायचे तर सर्वांत जुना पुरावा टोपणनावांचा. १९५४पासून कुर्ल्यात बनू लागलेल्या फियाट ११००च्या फुगीर, गोलसर अंगाकडे पाहून मुंबईने तिचे नाव ‘डुक्कर फियाट’ ठेवले. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेले होते. कंपनीच्या कागदांवर तिच्या आवृत्त्यांना एलिगंट, सुपर सिलेक्ट, डिलाइट अशी मुलायम नावे होती, पण डुक्कर या शब्दापुढे त्यांचा निभाव लागला नाही. या शब्दात हेटाळणी आहे असे नव्या वाचकाला वाटेल. ज्यांच्या घरी ती गाडी होती त्यांच्या तोंडून ऐकल्यास त्यातला सूर वेगळा जाणवतो. घरातल्या गुटगुटीत पोराला आपण ज्या सुरात हाक मारतो, तो तो सूर आहे. मालकाने गाडीला घरात घेतले होते. तिच्या कंपनीला घेतले होते का, हा प्रश्न वेगळा.

दुसरा पुरावा रांगेचा. १९५९च्या नियंत्रण आदेशानंतर नवी गाडी विकण्या-घेण्याला सरकारी शिस्त लागली. नाव नोंदवायचे, क्रमांक लागेपर्यंत थांबायचे, आणि गाडी मिळाल्यावरही ठरावीक मुदतीत ती परवानगीशिवाय विकायची नाही. वापरलेली फियाट नवीपेक्षा महाग मिळते, हा त्या काळच्या व्यवहारातला विनोद नव्हता. पंतप्रधान असताना लालबहादुर शास्त्रींनी बारा हजारांची फियाट घ्यायला बँकेचे पाच हजारांचे कर्ज काढले आणि ते फिटण्यापूर्वीच त्यांचा मृत्यू झाला, ही हकिकत आपण साधेपणाचा धडा म्हणून सांगतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बारा हजारांची ‘छोटी’ गाडी देशाच्या पंतप्रधानालाही कर्ज काढल्याखेरीज मिळत नव्हती, मग शाळामास्तराने आणि बँकेतल्या कारकुनाने ती लग्नाच्या वरातीपुरती भाड्याने आणावी, यात नवल काय?

रांगेत उभा असलेला माणूस मत बोलून दाखवत नाही. तरीही तक्रारी इतक्या साठल्या, की १९६७मध्ये देशी मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी सरकारला समिती नेमावी लागली. रोख एकट्या प्रीमियरवर नव्हता, साऱ्या मोटार उद्योगावर होता. दोनच वर्षांनी, १९६९मध्ये, सरकारने गाड्यांच्या किमती कायद्याने बांधल्या. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, चौकशी आयोग बसला आणि १९७१मध्ये निकाल लागला. प्रीमियरचे नाव मिरवणारा हा खटला किंमत-नियंत्रणाच्या चर्चेत आजही उद्धृत होतो. कंपनीला किती नफा मिळावा यावर तिथे सविस्तर खल झाला. कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. किंमत सरकार ठरवणार, गाड्या किती काढायच्या ते परवाना ठरवणार, परदेशी यंत्रे आणायला परकीय चलन मिळणार नाही. मग नवी गाडी घडवायची कशातून? हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. जे बनेल ते विकले जाणार याची हमी ज्या कारखान्याला असते, त्याला गिऱ्हाइकाचा आवाज ऐकू येण्याची गरजच उरत नाही.

इटलीत ११०० या गाडीचे उत्पादन १९६९मध्ये थांबले. आपल्याकडे १९६४मध्ये आलेल्या तिच्या अवताराचे सत्तरीच्या दशकात बारसे झाले. फियाटशी असलेला करार संपल्यावर ती आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. आत तेच १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तोच गिअर, पुढे तिघांना सामावून घेणारी तीच सलग गादी. नव्वदीच्या दशकात डिझेल इंजिन आले, खाली गिअर असलेली आवृत्तीही आली. सांगाडा मात्र बदलला नाही. नाव बदलून गाडी आपली होते अशी कंपनीची समजूत असावी. मालकांनी ती मानली नाही. ते फियाटच म्हणत राहिले, आणि मला वाटते त्यांचे सर्वांत स्पष्ट मत हेच आहे. गाडीत जे चांगले होते त्याचे श्रेय त्यांनी मूळ आराखड्याला दिले. त्या आराखड्यात कंपनीने फारशी भर घातली नाही, म्हणून तिचे नाव त्यांच्या जिभेवर बसले नाही.

मग इतके प्रेम आले कुठून? स्मरणरंजन करणारे लेखक ते गाडीच्या गुणांत शोधतात. काही गुण खरेच होते. अँबेसिडरच्या तुलनेत ती आटोपशीर होती, गल्लीत वळे, इंजिन सुटसुटीत होते. पण जुन्या मालकांशी बोलताना माझ्या लक्षात आले, की ते गाडीची म्हणून जी वर्णने करतात ती बहुधा त्यांची स्वतःची असतात. थंडीत चोक किती ओढायचा, पेट्रोलचा वास आल्यावर किती वेळ थांबायचे, घाट चढताना उन्हाळ्यात पंपावर ओले फडके कधी टाकायचे, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळतो. कार्ब्युरेटरच्या काळातल्या सर्वच गाड्यांना ही सरबराई लागे. फरक असा, की ही गाडी माणसाला शिकता येण्याजोगी होती. साध्या पान्या-पकडीने ती खोलता येई, आणि नाक्यावरच्या मेस्त्रीला ती तोंडपाठ असे. बंद पडलेली गाडी स्वतःच्या हाताने सुरू करणारा माणूस त्या गाडीवर रागावत नाही, कारण तिच्यात त्याची विद्या गुंतलेली असते. हे प्रेम खोटे नाही. ते गाडीच्या खाती जमा झाले असले, तरी त्यातला मोठा वाटा मालकाचा आणि मेस्त्रीचा आहे.

टॅक्सीवाल्यांचे मत याहून रोकडे. काळ्या-पिवळ्या फियाटने मुंबईचा धंदा व्यापला तो सौंदर्यामुळे नव्हे. सुटे भाग स्वस्त, कुठेही मिळणारे. ऑपेरा हाउसच्या दुकानांत नवे, कुर्ल्याच्या भंगारबाजारात जुने. ज्या उपनगरात गाडी जन्मली तिथेच ती मोडून तिचे अवयव दुसऱ्या गाडीला बसत. गाडी रोज किती मिळवते आणि गॅरेजात किती घालवते, हे टॅक्सीवाल्याचे समीक्षाशास्त्र, आणि त्याच्या कसोटीला फियाट दीर्घकाळ उतरली. म्हणून पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबल्यानंतरही ती रस्त्यावर राहिली. टॅक्सीला घातलेली वीस वर्षांची वयोमर्यादा संपून ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटची नोंदणीकृत फियाट टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

खासगी मालकाचा निकाल त्याच्या चाळीस वर्षे आधीच लागला होता. डिसेंबर १९८३मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि रांग दुसऱ्या दाराशी सरकली. प्रीमियरने १९८५मध्ये ‘११८ एनई’ आणली. तिचा सांगाडा फियाट १२४चा, इंजिन निसानचे. म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या युरोपीय गाडीत जपानी हृदय बसवलेले. जिच्यावर आपण इतका जीव लावला असे सांगतो, तिला मध्यमवर्गाने बघता बघता सोडले. त्याला कृतघ्न म्हणणे सोपे आहे, पण त्याला पहिल्यांदाच निवड मिळाली होती. निवड नसतानाच्या निष्ठेला निष्ठा म्हणावे का?

याला छेद देणारा एक पुरावाही मी नोंदवायला हवा. १९९०च्या दशकाच्या मध्यात प्रीमियरने पूजोशी भागीदारी करून ३०९ ही गाडी आणली आणि फियाटबरोबर ‘उनो’ जाहीर केली. उनोसाठी दोन लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. फियाट हा शब्द एवढा वजनदार होता. पण कामगार-तंटे आणि रखडलेले उत्पादन यांत दोन्ही गाड्या अडकल्या, आणि वाट पाहण्याची सवय सुटलेले गिऱ्हाईक दुसरीकडे वळले. साठ सालचा रांगेतला माणूस थांबला होता. शहाण्णव सालच्या माणसाला थांबण्याचे कारण नव्हते.

त्या तंट्यांचा दोष सरसकट कामगारांच्या माथी मारण्याची आपल्याकडे रीत आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातला वाद जुना होता. बोनस-योजना आणि दोन संघटनांमधील ओढाताण यांतून निघालेला एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्यावरचा १९७५चा निकाल कामगार कायद्याच्या विद्यार्थ्याला आजही वाचावा लागतो. म्हणजे प्रीमियरच्या नावावर न्यायशास्त्रात दोन मोलाचे निकाल आहेत, एक किमतीचा आणि एक कामगारांचा. गाडीच्या आराखड्यात मात्र तिच्या नावावर सांगण्याजोगे काही नाही. या कंपनीच्या इतिहासावर मला याहून बोलके भाष्य सुचत नाही.

वालचंदांच्या घराण्याने महाराष्ट्राला बरेच दिले. त्यांचे पुतणे आणि कंपनीचे अध्यक्ष विनोद दोशी यांच्या नावाने पुण्यात भरणारा नाट्यमहोत्सव या अंकाच्या वाचकांना ठाऊक आहे. या औदार्याचा आदर राखूनही समीक्षकाने हिशेब वेगळे ठेवायला हवेत. संस्थापकाची जिद्द, मालकाची हातोटी, मेस्त्रीची विद्या आणि कामगाराचा घाम या चार गोष्टी आपण ‘पद्मिनीच्या आठवणी’ या एकाच खात्यात भरतो आणि मग कारखान्याने काय केले हे विचारायचे विसरतो.

मध्यंतरी विद्याविहारला एकाचे घर शोधीत होतो. पत्त्यात ‘प्रीमियर रोड’ होते. डोंबिवलीलाही प्रीमियर मैदान आहे. निवडणुका आल्या की तिथे सभा होतात. ज्या नावाला गाडीवर लोकांनी कधी उच्चारले नाही, ते रस्त्याला आणि मैदानाला चिकटून राहिले आहे. रिक्षावाल्याला मी विचारले, हे नाव कशावरून पडले? तो तरुण होता. म्हणाला, ‘माहीत नाही साहेब, पूर्वी इथे कुठली तरी कंपनी होती.’ मी सांगितले, फियाट गाड्या बनायच्या. ‘अच्छा, फियाट!’ तो म्हणाला, आणि त्याच्या आजोबांकडे एक होती हे सांगत त्याने रिक्षा वळवली.