रेसिडेंटची लेखणी : ग्रँट डफ यांचा 'मराठ्यांचा इतिहास' आणि साताऱ्याचे राजकारण

प्रस्तावना

जेम्स ग्रँट डफ यांचा मराठ्यांच्या इतिहासावरील त्रिखंडात्मक ग्रंथ १८२६ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. तेव्हापासून आजपर्यंत या ग्रंथावर मराठीत सातत्याने चर्चा होत आली आहे. कोणी त्यातील तपशिलाच्या चुका दाखविल्या, कोणी लेखकाच्या पूर्वग्रहांवर बोट ठेवले, तर कोणी त्याच्या परिश्रमांचा मोकळेपणाने गौरव केला. मात्र या चर्चेचा रोख बहुधा लेखकाच्या व्यक्तिमत्त्वावर राहिला. लेखक कोणत्या पदावर होता आणि त्या पदाच्या कामकाजाचा ग्रंथाच्या रचनेशी काय संबंध आहे, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. ग्रंथातील दोष लेखकाच्या दुष्ट हेतूतून आलेले नसून ते रेसिडेंट या पदाच्या दृष्टिकोनातून आलेले आहेत आणि या ग्रंथाला विरोध करणाऱ्या आपल्या परंपरेनेही तो दृष्टिकोन नकळत स्वीकारला आहे, असे येथे सुचवावयाचे आहे.

पद आणि ग्रंथ

फेब्रुवारी १८१८ मध्ये सातारचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात आला आणि एप्रिलमध्ये एल्फिन्स्टन यांनी प्रतापसिंहांना गादीवर बसविले. राज्याचा प्रत्यक्ष कारभार मात्र १८२२ पर्यंत कॅप्टन ग्रँट यांच्याकडे होता. ('डफ' हे उपनाम त्यांनी मायदेशी परतल्यानंतर घेतले.) राज्यारोहणसमयी महाराजांचे वय पंचवीस, तर त्यांना राज्यकारभार शिकविण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे वय अठ्ठावीस होते. हे पालकत्व वयाने किंवा अनुभवाने आलेले नव्हते, ते केवळ पदाने आले होते.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने नीरा-भीमा आणि वारणा-कृष्णा यांच्या दरम्यानचा मुलूख, पंढरपूर व विजापूरच्या बाजूच्या प्रदेशासह, सातारच्या राज्यास मिळाला. त्याच तहाने छत्रपतींचा बाहेरील कोणत्याही सत्ताधीशाशी परस्पर पत्रव्यवहार निषिद्ध ठरला. भोरचे पंतसचिव, औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले आणि वाईचे शेख हे जहागीरदार छत्रपतींच्या अमलाखाली राहिले. परंतु त्यांच्या जहागिरींची हमी इंग्रज सरकारने घेतली. सेवा छत्रपतींची आणि हमी कंपनीची, अशी ही दुहेरी रचना होती. जहागीरदार आणि छत्रपती यांच्यात तंटा झाल्यास निवाडा रेसिडेंटच्या बंगल्यावर होणार, हे या रचनेत गृहीतच होते.

याच काळात ग्रँट ग्रंथासाठी साधने जमवीत होते. सातारच्या छत्रपतींकडील कागद, पुण्याचे पेशवे दफ्तर, चिटणिसांची बखर, इनाम-वतनांचे कागद, देवस्थानांची दफ्तरे, सुरतेच्या वखारीचे कागद आणि गोव्याच्या पोर्तुगीज दफ्तरातील उतारे असा हा संग्रह होता. कोणत्याही संशोधकाला हेवा वाटावा अशी ही साधनसामग्री होती, आणि ती बारकाईने तपासण्याची चिकाटीही ग्रँट यांच्याजवळ होती, हे निःसंशय मान्य केले पाहिजे. परंतु ज्या अधिकाऱ्याच्या एका शब्दावर इनाम चालू राहणार किंवा जप्त होणार, त्याच्यासमोर इनामदार आपले कागद उलगडतो तेव्हा तो कोणते कागद दाखवितो आणि कोणते पेटीतच ठेवतो, हा विचार साधनचिकित्सेत करावाच लागतो. ग्रँट बखरीची आणि तवारिखेची चिकित्सा करतात. स्वतःच्या पदामुळे साधनांची निवड कशी होते, याची चिकित्सा मात्र ते करीत नाहीत.

'कारस्थान' ही संकल्पना

ग्रंथाच्या आरंभी महाराष्ट्रातील गाव, पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, देशमुख-देशपांडे यांचे वर्णन येते. एका प्रशासकाने पाहिलेला हा समाज आहे आणि त्याचे वर्णन आजही उपयुक्त आहे. परंतु पुढे राजकीय कथन सुरू झाले की ही सारी व्यवस्था पार्श्वभूमीत जाते. घटना घडवितात त्या व्यक्ती, आणि व्यक्तींना चालवितात ते लोभ, मत्सर आणि कारस्थान. एखाद्या सरदाराने पक्ष का बदलला, याचे उत्तर त्याच्या वतनाच्या गुंतागुंतीत, सरंजामाच्या थकबाकीत किंवा भाऊबंदकीच्या कायदेशीर बाजूत न शोधता त्याच्या स्वभावात शोधले जाते. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीच्या वाळलेल्या गवतात अकस्मात भडकलेला वणवा, या कल्पनेवर न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये घेतलेला आक्षेप याच उणिवेकडे निर्देश करतो.

रेसिडेंटच्या रोजच्या कामाकडे पाहिले म्हणजे या कथनपद्धतीचे मूळ समजते. दरबारात कोण कोणास भेटला, कोणाचा कारकून कोणाच्या वाड्यावर गेला, कोणाचे पत्र कोणत्या मार्गाने बाहेर पडले, हे जाणणे त्याचे कर्तव्यच होते. तहाने परस्पर पत्रव्यवहार निषिद्ध ठरविल्यामुळे एरवी जे साधे राजकीय व्यवहार ठरले असते, तेही या दृष्टीने 'कारस्थान' ठरू लागले. ज्या दृष्टीने रेसिडेंट वर्तमान दरबाराकडे पाहत होता, त्याच दृष्टीने इतिहासकाराने गतकाळाच्या दरबाराकडे पाहिले. ग्रंथाचा शेवटही १८१८-१९ च्या व्यवस्थेपाशी होतो. ती व्यवस्था हा जणू दीड-दोन शतकांच्या गोंधळावरचा अंतिम निवाडा असावा, अशी समाप्ती वाचकाच्या मनावर ठसते.

१८३६-१८३९ : निवाडा आणि आरोपपत्र

ती समाप्ती अंतिम नव्हती, हे पुढील वीस वर्षांतच दिसून आले. ग्रँट यांच्यानंतर ब्रिग्ज, रॉबर्टसन, लॉडविक आणि ओव्हान्स हे रेसिडेंट साताऱ्यास आले. छत्रपतींच्या अमलाखालील जहागिरींवर अंतिम हक्क कोणाचा, या प्रश्नावरून मुंबई सरकार आणि प्रतापसिंह यांच्यात मतभेद वाढत गेले. महाराजांनी या बाबतीत लंडनपर्यंत दाद मागण्याचा मार्ग धरला. १८३६ मध्ये हिंदी पलटणीतील सुभेदारांना फितविण्याचा आरोप पुढे आला आणि गुप्त चौकशी झाली. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे आरोपही जोडले गेले. ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्यास आले. तहभंगाची कबुली देणाऱ्या कागदावर सही केल्यास गादी राखण्याची तयारी त्यांनी दाखविली. महाराजांनी ती सही नाकारली. सप्टेंबरमध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले आणि तेथेच १८४७ मध्ये त्यांचे निधन झाले. १८४८ मध्ये शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांच्या निधनानंतर दत्तक नामंजूर करून डलहौसी यांनी राज्य खालसा केले. त्या वेळचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर यांचे मत खालसा करण्याच्या विरुद्ध होते, तरीही ते झाले.

ग्रँट डफ यांच्या ग्रंथामुळे प्रतापसिंहांचे राज्य गेले, असे म्हणणे अर्थातच चुकीचे ठरेल. तसा कार्यकारणसंबंध दाखविता येत नाही. परंतु ग्रंथ आणि आरोपपत्र यांची वाचनपद्धती एकच आहे, हे मात्र दाखविता येते. दोन्हीकडे खबऱ्यांची जबानी आणि हाती आलेले कागद हे साधन. दोन्हीकडे हेतूचा शोध. आणि दोन्हीकडे हक्काचा प्रश्न बाजूला सारून कारस्थानाचा प्रश्न पुढे आणलेला. ग्रंथात या पद्धतीची शिकार मृत व्यक्ती होतात, चौकशीत जिवंत राजा झाला. त्या चौकशीत सहभागी असलेल्या लॉडविक यांनीच पुढे इंग्लंडमध्ये महाराजांची बाजू घेतली, ही गोष्ट बोलकी आहे. पद सुटल्यावर माणसाला तेच कागद वेगळे दिसू शकतात.

इराणचा दाखला

ही पद्धत साताऱ्यापुरती मर्यादित नव्हती. त्यासाठी इराणकडे पाहणे उद्बोधक ठरेल, कारण त्या देशातील ब्रिटिश कारभाराची सूत्रे दीर्घकाळ मुंबई आणि कलकत्ता येथून हलत होती. इराणी आखातावरील बुशहरची रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होती. इराणमध्ये वकिलाती करून १८१५ मध्ये 'पर्शियाचा इतिहास' लिहिणारे सर जॉन माल्कम पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८२९ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत सातारच्या छत्रपतींकडून खंडाळ्याच्या मोबदल्यात महाबळेश्वर घेण्यात आले. तेथील माल्कम पेठ त्यांच्या नावाची.

विसाव्या शतकात हाच नमुना पुन्हा दिसतो. किरमान आणि मशहद येथे वकील म्हणून काम केलेल्या पर्सी साइक्स यांनी १९१५ मध्ये इराणचा द्विखंडात्मक इतिहास प्रसिद्ध केला आणि १९१६ मध्ये त्यांनीच 'साउथ पर्शिया रायफल्स' हे दल उभारले. साताऱ्यात जहागीरदारांना दिलेल्या हमीची आठवण व्हावी अशी घटना इराणच्या नैर्ऋत्य भागातही घडली. मोहम्मरा येथील शेख खझल हा नावाने शहाचा प्रजाजन; परंतु त्याला ब्रिटिशांची आश्वासने मिळाली होती. १९०६ च्या राज्यघटनेने तेहरानमध्ये लोकप्रतिनिधींची मजलिस आली, तर १९०७ च्या इंग्रज-रशियन कराराने तोच देश प्रभावक्षेत्रांत वाटला गेला. प्रांताच्या सरदाराला केंद्राविरुद्ध परकीय हमी मिळाली की प्रांताचे राजकारण आपोआप 'कारस्थाना'चे होते, आणि मग त्याचे वर्णन त्या शब्दात करणेही सोपे होते. इराणच्या बाबतीत केंब्रिजचे प्राध्यापक एडवर्ड ब्राउन यांनी १९१० मध्येच राज्यक्रांतीचा इतिहास लिहून सरकारी दृष्टीहून वेगळी बाजू मांडली. साताऱ्याच्या बाजूने हे काम रंगो बापूजी गुप्ते यांनी केले. १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहून त्यांनी जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारख्यांच्या साह्याने हक्काचा प्रश्न हक्क म्हणूनच मांडला.

मराठी टीकापरंपरा

कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी केलेल्या भाषांतराने हा ग्रंथ १८३० च्या सुमारास मराठी शाळांत पोहोचला. १८६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्यावर टीका लिहिली. आधुनिक मराठी इतिहाससमीक्षेचा आरंभ एका रेसिडेंटच्या ग्रंथाच्या परीक्षणाने झाला, ही बाब लक्षणीय आहे. पुढे मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दफ्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला, आणि १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांचा साधनांचा पहिला खंड वाई येथून निघाला. सातारा-सांगली परिसराने ग्रँट डफ यांना दिलेले हे सर्वांत भक्कम उत्तर होय, कारण त्याने साधनांवरील मक्तेदारीच मोडली.

प्रतापसिंहांच्या प्रकरणावरील लोकप्रिय लेखनाबाबत मात्र तेवढ्या निर्धाराने बोलता येत नाही. प्रबोधनकार ठाकरे यांच्या 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी' या ग्रंथाने एका विस्मृत अन्यायाला वाचा फोडली, हे त्याचे मोठे ऋण आहे. परंतु तेथेही कथेचा भार बाळाजीपंत नातू यांच्यासारख्या व्यक्तींच्या फितुरीवर पडतो. वेदोक्ताच्या वादात नातू आणि सांगलीचे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन हे सातारा दरबाराच्या विरुद्ध बाजूस होते, ही वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. तथापि असे तंटे त्यापूर्वीही होत आणि गादी न जाता मिटत अथवा धुमसत राहत. १८१९ नंतर एवढेच बदलले होते, की प्रत्येक तंट्याची फिर्याद आता एका परकीय कचेरीत दाखल होऊ शकत होती आणि तेथे तिचा पुरावा बनत होता. खलनायकांची नावे बदलली, तरी इतिहास कारस्थानाने घडतो हे गृहीतक तेच राहिले. रेसिडेंटला उत्तर देताना आपण त्याचीच परिभाषा वापरली.

समारोप

हा केवळ पांडित्याचा प्रश्न नाही. 'सातारचे राज्य का गेले?' या प्रश्नाला आमच्या वर्गातील बहुतेक उत्तरपत्रिकांत 'फितुरीमुळे' असे एका शब्दाचे उत्तर येते. त्या शब्दामागे पुष्कळदा एखाद्या जातीचे नाव उभे असते, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. एकाच बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये दोनशे वर्षांपूर्वीचा तंटा अशा प्रकारे जिवंत ठेवला जातो. १८१९ च्या तहातील पत्रव्यवहारबंदी, जहागिरींची दुहेरी हमी आणि हक्काच्या प्रश्नावर न्यायाधीश व पक्षकार एकच असणे, ही तीन कारणे त्याच विद्यार्थ्यांपुढे ठेवली, तर उत्तर अधिक अचूक होईल आणि वैराचा आधारही सुटेल.

ग्रँट डफ यांचा ग्रंथ अभ्यासक्रमातून वगळावा, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. उलट तो अधिक काळजीपूर्वक वाचावा. मात्र तो मराठ्यांचा इतिहास म्हणून वाचताना एका रेसिडेंटच्या कचेरीतील कागद म्हणूनही वाचावा. आणि त्याच्याशेजारी खऱ्यांचा एखादा खंड व रंगो बापूजींच्या लढ्याची हकिगत ठेवावी. लेखणी कोणाच्या हातात होती, एवढे विचारून भागत नाही. तो हात कोणत्या मेजावर टेकलेला होता, हेही विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, हे या दोन जिल्ह्यांतील इतिहासाच्या अध्यापकांचे विशेष कर्तव्य आहे, असे वाटते.